बुशचे बोल्ट गाडी चाकांवर टेकल्यावरच आवळा

पिकअपचे मागचे पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, लीफ स्प्रिंग) थकून गाडी मागून बसली की कुणीतरी हमखास सांगतं, 'एक पाटा वाढवून टाका, नाहीतर जाड घ्या.' ऐकू नका. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो; 6 मिमीच्या जागी 7 मिमीचा घेतला की तो पाटा दीडपटीहून जास्त कडक होतो. भरलेल्या गाडीला ते चालेल. रिकामी पिकअप मात्र बार्शीकडच्या कच्च्या रस्त्यावर उड्या मारते, आणि हवेतलं चाक काळ्या रानातून गाडी ओढत नाही.

आधी सपाट जागी दोन्ही बाजूंना हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर मोजा. एकच बाजू खाली असेल तर पाटा तुटलाय का बघा. उंची सारखी, पण खड्ड्यानंतर गाडी डोलतच राहते? मग शॉकअप (गाडीची उसळी जिरवणारा दांडा) गेलाय.

जुने पाटे काढा, नवे चढवा. पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात नीट बसू द्या. पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट नवेच घ्या, तिरप्या समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा.

आता बुश, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या भोकात बसणारं, आत नळी असलेलं रबर. मी पहिल्यांदा चॅसिसखाली घोड्या (गाडी उचलून धरणारे स्टँड) लावून, चाकं लोंबकळत असतानाच सगळे बोल्ट कचकचून आवळले. गाडी खाली आली तेव्हा मागून छान उंच दिसली, मी खूश. थोड्याच दिवसांत करकर सुरू झाली. कुणी ग्रीस मारायला सांगितलं, मी मारलं, रबर फुगलं. उघडून पाहिलं तर बुश आतल्या नळीपासून फाटलेलं.

कारण असं: बोल्ट आवळला की बुशची आतली नळी जागच्या जागी पक्की होते. त्यानंतर रबर फिरत नाही, फक्त पिळतं. लोंबकळत्या स्थितीत आवळलं तर गाडी उभी असतानाही पीळ तसाच राहतो. वाढलेल्या उंचीचा काही भागही त्या पिळाचाच असतो.

म्हणून बोल्ट हाताने बसतील इतकेच घट्ट करा. चाकं लावा, गाडी खाली घ्या, नेहमीचं ओझं टाका. मी जवारीची दोन पोती टाकतो. चार हात पुढे-मागे घ्या, मागचा बंपर दाबून हलवा. मग खाली शिरून टॉर्क पान्याने आवळा, आवळायच्या जोराचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच. खाली शिरता येत नसेल तर घोड्या एक्सलखाली लावा, म्हणजे वजन पाट्यांवरच राहतं. आवळताना चॅसिसखाली अजिबात नको.

उंची 50 मिमीपेक्षा जास्त वाढवू नका. तेवढी वाढवली तरी एक्सल पूर्ण लोंबकळताना ब्रेकचा पाइप ताणत नाही ना, हे बघाच.

मंगळवेढ्यासारखी एक लांबची फेरी झाली की यू बोल्ट पुन्हा आवळा. नवे पाटे एकमेकांवर बसतात तसे ते सैल पडतात.