परसातल्या कोंबड्या आणि घरचे मांजर एकत्र कसे सांभाळावे

कृष्णाकाठच्या गावांत, वाळव्यापासून कऱ्हाडपर्यंत, ज्या घरी गावरान कोंबड्या असतात त्या घरी बहुधा मांजरही असते. कोंबड्यांसाठी ठेवलेला मका, ज्वारी आणि कण्या यांच्यावर उंदीर-घुशी येतात आणि घुशी अंडी व लहान पिल्लेही नेतात, म्हणून मांजर लागतेच. पूर्ण वाढलेल्या कोंबडीवर घरचे मांजर सहसा जात नाही. एकदोनदा चोच आणि पंखांचा फटका बसला की ते वाट सोडून बसते. खरा धोका पिल्लांना असतो आणि तो साधारण आठ आठवडे, म्हणजे अंगावर पुरती पिसे येऊन पिल्लू तलंगेच्या, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबडीच्या, वाटेला लागेपर्यंत राहतो.

आमच्या मांजरीने तीन वर्षे एकाही कोंबडीकडे वाकडी नजर केली नव्हती. ती व्याल्यानंतर मात्र एका सकाळी डालग्याबाहेर (कोंबड्या झाकायच्या बांबूच्या टोपलीबाहेर) सुटलेली चार पिल्ले तिने नेली. तिला दोन्ही वेळा पोटभर खायला मिळत होते, पण मांजराची शिकार भुकेवर अवलंबून नसते, आणि पिल्ले असलेली मांजरी त्यांच्यासाठी भक्ष्य आणतेच. त्या दिवसापासून मी मांजराच्या चांगल्या सवयीवर विसंबत नाही, जाळीवर विसंबतो, आणि इतरांनाही तेच सांगतो. मांजरीचे वेळेवर, म्हणजे पाचसहा महिन्यांची झाल्यावर, नसबंदीचे ऑपरेशन करून घेतले तर हा प्रसंग मुळातच टळतो. बोक्याचेही करावे, म्हणजे त्याचे भटकणे आणि भांडणे कमी होतात.

खुराड्याला बाजारात मिळणारी पातळ षटकोनी जाळी लावली की काम झाले असे अनेकांना वाटते. त्या जाळीने कोंबड्या आत राहतात, पण मांजराचा पंजा बाहेर राहत नाही, आणि रात्री जाळीला टेकून झोपलेले पिल्लू पंज्याने ओढले जाते. म्हणून खालच्या दोन-अडीच फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावावी, तिची कड बाहेरच्या बाजूस फूटभर जमिनीवर वळवून त्यावर दगड रचावेत, म्हणजे उकरून येणारी घूस आणि मुंगूसही अडते. वरचा भाग उघडा ठेवू नये, कारण पाच फुटांची भिंत मांजर सहज चढते. दाराच्या कडीत खिळा अडकवावा आणि दिवस मावळताना कोंबड्या स्वतःहून आत शिरल्या की मोजून दार लावावे. उसाच्या फडातून येणारे बाऊल, म्हणजे रानमांजर, आणि गावातले परके बोके घरच्या मांजरापेक्षा किती तरी अधिक नुकसान करतात, आणि ते बहुधा अंधारात येतात.

खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसलेल्या, कोंबडीने एकवीस दिवस बसून काढलेली पिल्ले दिवसा तिच्याच राखणीत बरीच सुरक्षित असतात. आईविना आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लांची काळजी मात्र जास्त घ्यावी लागते. त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करतात, आणि थंडीच्या दिवसांत नेमकी हीच ऊब मांजराला ओढते. पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांजर बसले तर खोके खचून पिल्ले चिरडतात किंवा बल्ब खाली पडून आग लागते. लाकडी पेटी, वर खिळ्यांनी ठोकलेली जाळी आणि साखळीने टांगलेला बल्ब, इतके हवेच. डालगे वापरत असाल तर त्यावर जड दगड ठेवावा.

ओळख करून देताना घाई करू नये. मांजराचे लहान पिल्लू मोठ्या कोंबड्यांत वाढवणे सर्वांत सोपे, कारण कोंबड्याच त्याला अंतर शिकवतात. मोठे मांजर आणले असेल तर दोनतीन आठवडे जाळीआडूनच पाहू द्यावे. अंग जमिनीला चिकटवणे, एकटक पाहणे, शेपटीचे टोक हलणे ही लक्षणे दिसली तर त्याला शांतपणे उचलून दूर न्यावे. मारू नये, मारल्याने ते फक्त तुमच्या माघारी शिकार करायला शिकते.

कोंबड्यांच्या अंगावरील उवा-पिसवांसाठी आणि जनावरांच्या गोचिडांसाठी आपण जी औषधे फवारतो, त्यांत पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असते. मांजराच्या यकृताला हे पदार्थ नीट मोडता येत नाहीत. पर्मेथ्रिन अंगावर पडले किंवा चाटले गेले तर लाळ गळणे, थरथरणे आणि झटके येऊन मांजर दगावू शकते. याविषयी गावात फारसे कोणी बोलत नाही, म्हणून आग्रहाने लिहितो. फवारणीच्या वेळी मांजर दुसऱ्या खोलीत कोंडावे, खुराडे पूर्ण सुकेपर्यंत बाहेर सोडू नये आणि त्याच हातांनी त्याला उचलू नये. लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्य गाठावा. उंदरांचे विष तर कोंबड्यांच्या घरी नकोच, कारण ते कोंबडी टिपते आणि विष खाल्लेला उंदीर मांजर खाते.

कोंबड्यांना अंग घोळण्यासाठी ठेवलेली राखेची पाटी आणि खुराड्यातला भुसा मांजराला शौचाची जागा वाटते. मांजराच्या विष्ठेतून गर्भाला अपाय करू शकणारे टोक्सोप्लाझ्माचे जंतू पसरू शकतात, म्हणून पाटी रात्री झाकावी आणि घरात गर्भवती असेल तर ही साफसफाई दुसऱ्याने करावी.

आखाडात कोंबडी कापली की कच्ची आतडी मांजरापुढे टाकण्याची आपली पद्धत आहे, ती सोडावी. साल्मोनेलाचे जंतू कच्च्या मांसात असतात, शिजवून दिले तर भय नाही. आपोआप मेलेली कोंबडी तर मांजराला कधीच देऊ नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळलेला बर्ड फ्लू आजारी पक्षी खाल्ल्याने मांजरालाही होऊ शकतो.

मांजराने कोंबडीला चावले आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ती किरकोळ समजू नये. मांजराच्या तोंडातील जंतूंमुळे पक्षी दोनतीन दिवसांत मरू शकतो. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन, कोंबडीला वेगळ्या डालग्यात ठेवून, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. वेगळी न ठेवल्यास रक्त पाहून बाकीच्या कोंबड्या तिला टोचतात.

नदीकाठच्या गावांसाठी आणखी एक गोष्ट. पुराच्या दिवसांत, जसे २०१९ मध्ये झाले, कोंबड्या आणि मांजर एकाच खोलीत किंवा गच्चीवर येतात आणि घाबरलेले मांजर ओळखीचेही राहत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की डालगी बाहेर काढावीत, आणि भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधून मांजरासाठी तयार ठेवावेत.