पहिली दुर्बीण दोन डोळ्यांची घ्या

साताऱ्यात आमचं चष्म्याचं दुकान आहे. काउंटरच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन बायनॉक्युलर ठेवलेले असतात, बहुतेक कास पठारावर जाणाऱ्यांसाठी आणि पक्षी बघणाऱ्यांसाठी. दहावीचा निकाल लागला की आई-बाप येतात आणि विचारतात, "मॅडम, शनीची कडी दिसतील अशी दुर्बीण मिळेल का?" मिळते, मागवून देता येते. तरी मी आधी त्यांच्या हातात १०×५० चा बायनॉक्युलर देते. धंदा कमी होतो, पण मत ठाम आहे.

मोठ्या दुर्बिणीतून आकाशाचा अर्धा-एक अंश एवढाच तुकडा दिसतो, तोही उलटा. नवख्या माणसाला त्यात हवा तो तारा सापडतच नाही. दोन रात्री झटापट होते आणि मग दुर्बीण माळ्यावर जाते. १०×५० मध्ये साधारण साडेसहा अंश एका वेळी मावतात, म्हणजे पौर्णिमेचे तेरा चंद्र एका ओळीत. चित्र सुलट असतं आणि दोन्ही डोळे कामाला लागतात. ज्या दिशेला नाक, त्या दिशेला नळी.

आता ते आकडे. १० म्हणजे दहा पट मोठं, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पन्नासला दहाने भागलं की पाच येतात. डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणारा प्रकाशाचा गोल पाच मिलिमीटरचा असतो. अंधारात विशीतल्या पोराची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीत ती जेमतेम पाचवर येते. त्यामुळे ७×५० घेतलेल्या काकांच्या डोळ्यात त्यातला बराच उजेड शिरतच नाही. हात थरथरत असतील किंवा मूल लहान असेल तर ८×४२ घ्या, वजनाला हलका पडतो. २०×८० हातात धरून बघता येत नाही, त्याला ट्रायपॉड लागतोच. झूमवाला मात्र कुणीच घेऊ नये. झूम नसलेला बरा नग सात-आठ हजारांत मिळतो.

दुकानात गेल्यावर काय तपासायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण हे काम माझ्या रोजच्या हाताखालचं आहे आणि ऑनलाइन मागवणाऱ्यांनाही पार्सल उघडल्यावर हेच करायचंय.

बायनॉक्युलर उलटा धरा आणि पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. चष्म्याच्या एआरसी (चकाकी कमी करणारं कोटिंग असलेल्या) काचेवर दिसते तशी हिरवट-जांभळी झाक दिसली पाहिजे. ट्यूब पांढरीशुभ्र दिसली तर त्या पृष्ठभागावर कोटिंग नाही आणि तिथे उजेड वाया जाणार. लालभडक, माणकासारख्या दिसणाऱ्या काचांना भुलू नका. त्या लाल प्रकाश परतवून लावतात, आणि आपल्याला तर मिळेल तेवढा उजेड हवाय.

मग हात लांब करून तो उजेडाकडे धरा आणि डोळ्याकडच्या भिंगातले प्रकाशाचे गोल बघा. स्वच्छ, पूर्ण गोल असतील तर आतले प्रिझम चांगल्या काचेचे. कडेला करडी छाया पडून गोलाचा चौकोन झाला असेल तर प्रिझम हलक्या काचेचे, बीके-७ चे आहेत. खोक्यावर बीएके-४, म्हणजे चांगली काच, असं लिहिलेलं असलं तरी हे बघाच.

तिसरी तपासणी सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत कमी लोक करतात. लांबच्या आडव्या रेषेवर, एखाद्या छताच्या कडेवर किंवा विजेच्या तारेवर फोकस करा. आम्ही दुकानाच्या दारातून अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर बघतो. चित्र स्पष्ट झालं की बायनॉक्युलर हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या, नजर मात्र तिथेच ठेवा. दोन्ही चित्रं वर-खाली सरकायला लागली तर दोन नळ्या एका दिशेला बघत नाहीत. असा नग परत करायचा. डोळे काही वेळ सांभाळून घेतात, म्हणून दुकानात काही कळत नाही, आणि रात्री अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं.

घरी आल्यावर जुळवणी. मधल्या बिजागरीवर दोन नळ्या जवळ-लांब करा, दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत. आम्ही चष्म्यासाठी पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मोजतो ते हेच. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस लावा. आता डावा मिटा, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या भिंगावरची कडी फिरवा. त्या कडीवर कुठला आकडा आला ते लक्षात ठेवा. घरात दुसऱ्याने बघितलं की ती हललेली असणारच.

चष्मेवाल्यांचा प्रश्न ठरलेला असतो, चष्मा काढायचा की ठेवायचा? नुसता मायनस किंवा प्लस नंबर असेल तर काढा, फोकसचं चाक तो भरून काढतं. सिलिंडर नंबर (वेगवेगळ्या दिशांना वेगळा पडणारा नंबर) एकच्या वर असेल तर ठेवा, कारण तो कुठलंही चाक भरून काढत नाही. बायनॉक्युलरमधून चांदणी ठिपक्याऐवजी छोट्या रेघेसारखी दिसत असेल तर समजा सिलिंडर आहे, आणि सकाळी नंबर तपासून घ्या. चष्म्यासकट बघायचं तर आय रिलीफ, म्हणजे डोळा जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, निदान पंधरा-सोळा मिलिमीटर हवं आणि डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडलेले हवेत. प्रोग्रेसिव्ह चष्मा रात्री आकाशासाठी बेकार. आडवं पडून वर बघताना नजर नेमकी खालच्या, जवळच्या नंबरातून जाते. जुन्या फ्रेममध्ये नुसत्या लांबच्या नंबरच्या काचा बसवून घ्या, स्वस्तात काम होतं.

आता गच्ची. गच्चीवर उभं राहून मान मागे टाकून बघू नका. पाच मिनिटांत मान आखडते, हात लटपटतात आणि चांदण्या नाचायला लागतात. आरामखुर्ची किंवा सतरंजी आणि डोक्याखाली लोड, कोपरं छातीला टेकवलेली. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात आणि मोबाइलवर आलेला एक मेसेज ती सगळी कमाई घालवतो. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. दिनदर्शिकेत अमावास्या बघा, तिच्या अलीकडचा-पलीकडचा आठवडा ताऱ्यांचा. चंद्र बघायचा असेल तर पौर्णिमा टाळून अष्टमी निवडा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि दहा पटीतही खड्डे कळतात. आणि सूर्याकडे हा बायनॉक्युलर कधीही वळवायचा नाही, ग्रहणातही नाही. ग्रहणाचे कागदी चष्मे लावून त्यावर बायनॉक्युलर धरणं तर आणखी भयंकर. एकवटलेला सूर्यप्रकाश त्या चष्म्याची फिल्म जाळून थेट डोळ्यात जातो.

साताऱ्याचा अक्षांश साडेसतराच्या थोडा वर. म्हणून ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम अठरा अंशांवर, आणि त्याच्या बदल्यात दक्षिणेचं आकाश भरपूर मिळतं. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे अंदाजे दहा अंश, हे माप कायम कामाला येतं.

सुरुवात थंडीत करा. कृत्तिका आधी नुसत्या डोळ्यांनी मोजा, मग बायनॉक्युलर लावा. सहा-सातच्या जागी डझनावारी निळसर तारे दिसतील, आणि अख्खा पुंजका एका चौकटीत मावतो. हे सुख मोठी दुर्बीण देऊ शकत नाही. मृगाच्या बाणाखाली जो धुरकट ठिपका दिसतो तो तेजोमेघ, तिथे आजही नवे तारे जन्मतात. मृगाच्या एका कोपऱ्यातला तांबडा काक्षी (बीटलज्यूस) तारा जरूर बघा. २०१९ च्या शेवटी तो अचानक मंदावला तेव्हा फुटतोय की काय अशी चर्चा झाली. पुढे कळलं, त्याच्याच धुळीच्या ढगाने तो झाकला होता. २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने त्याच्या अगदी जवळ फिरणारा एक छोटा जोडीदार टिपला. तो आपल्याला दिसणार नाही, पण कुठे बघायचं ते तरी ठाऊक होतं. अगस्ती तारा दक्षिणेला वीसेक अंशांवर येतो. अजिंक्यतारा किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी राहणाऱ्यांना तो डोंगराआड जातो, त्यांनी जरा उत्तरेकडच्या गच्चीवर जावं.

मे महिन्यात लोक सुट्टीला गावी जातात आणि वर बघत नाहीत. माझ्या मते मात्र वर्षातलं सगळ्यांत देखणं लक्ष्य तेव्हाच असतं. मेच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा तारा दक्षिणोत्तर रेषेवर येतो. तिथून सरळ खाली साडेतीन मुठी उतरा. क्षितिजाच्या वर अडीच मुठींवर, नरतुरंगात, एक अस्पष्ट गोल डाग दिसेल. तो ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं लांब, काही दशलक्ष तारे एकत्र. लंडनमधून तो क्षितिजाच्या वरच येत नाही, आपल्याला मेढ्याकडच्या किंवा बामणोलीकडच्या अंधारात तो नुसत्या डोळ्यांनीही जाणवतो. हबल या अंतराळातल्या दुर्बिणीने वीस वर्षांत काढलेले त्याचे फोटो एकमेकांशी ताडून बघितले तेव्हा मध्यभागी सात तारे फार वेगाने पळताना सापडले. एवढा वेग असूनही ते बाहेर फेकले जात नाहीत, म्हणजे त्यांना धरून ठेवणारं काहीतरी जड तिथे असणार. निष्कर्ष २०२४ च्या जुलैत आला. निदान ८,२०० सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर. ताऱ्यांपासून बनलेली लहान कृष्णविवरं आणि दीर्घिकांच्या पोटातली अवाढव्य, यांच्या मधल्या आकाराची फार कमी सापडली आहेत, म्हणून या बातमीचं महत्त्व.

त्याच दिवसांत पूर्वेकडे स्वाती आणि अभिजित यांच्या मधे उत्तर मुकुटाची अर्धगोल रांग सापडते. तिच्या शेजारचा टी कोरोने बोरेलिस हा एरवी दहाव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तसा तारा मंद) तारा, म्हणजे आपल्या १०×५० च्या अगदी काठावरचा. १८६६ आणि १९४६ मध्ये तो भडकून नुसत्या डोळ्यांना दिसला होता आणि गेली काही वर्षं पुढच्या भडक्याची वाट बघणं चालू आहे. त्या भागातले तारे आत्ताच ओळखीचे करून ठेवले तर नवा पाहुणा आला की तुम्हाला लगेच कळेल.

दिवाळीच्या सुमाराला देवयानी दीर्घिका. शर्मिष्ठेच्या इंग्रजी एमसारख्या आकृतीतला जास्त टोकदार कोन बाण धरा आणि तो दाखवतो त्या दिशेला दीड मूठ जा. लांबट धुकट डाग दिसेल, पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूरचा. दीर्घिकांचा विषय निघालाच आहे तर, पुण्याच्या एनसीआरए या खगोलसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीच्या फोटोंमध्ये 'अलकनंदा' नावाची सर्पिल दीर्घिका शोधली, ती विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची आहे. इतक्या लवकर एवढी सुबक सर्पिल घडी बसेल असं कुणाला वाटलं नव्हतं. २०२५ च्या दिवाळीत लेमन धूमकेतूही पृथ्वीच्या जवळ आला होता, संध्याकाळी पश्चिमेला बराच खाली, स्वातीच्या परिसरात. असं काही आलं की बायनॉक्युलरच कामाचा, कारण नेमकी जागा ठाऊक नसते आणि आकाशाचा मोठा पट्टा विंचरून काढायचा असतो. त्याच वर्षी सूर्यमालेबाहेरून आलेल्या ३आय/ॲटलास धूमकेतूचा गाजावाजा खूप झाला, पण तो माझ्या १०×५० च्या आवाक्यातला नव्हताच.

ग्रहांबद्दल खोटी आशा लावत नाही. गुरूचे चार चंद्र दिसतात, मात्र बायनॉक्युलर भिंतीला किंवा काठीला टेकवून ठेवावा लागतो. शनीची कडी दहा पटीत दिसत नाहीत, फार तर ठिपका लांबट वाटतो. २०२५ मध्ये शनीच्या चंद्रांची संख्या २७४ वर गेली. त्यातला एक, टायटन, चांगल्या अंधारात आणि ट्रायपॉडवर जमू शकतो.

जून ते सप्टेंबर बायनॉक्युलर बंद, आणि तेव्हाच तो खराब होतो. एका गिऱ्हाईकाने आणलेल्या नगात भिंगाच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. ती कोटिंग खाते, पुसून डाग जात नाही. पावसाळ्यात तो चामड्याच्या किंवा कापडी केसमध्ये ठेवू नका, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. तांदळात पुरू नका, पीठ आत जातं. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की तापवून परत वापरता येतात, पण निळे दाणे विषारी असतात, तेव्हा स्वयंपाकाची कढई त्यांना देऊ नका. नारिंगी दाणे मिळतात, तेच घ्या. काच पुसण्याआधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर कापड. पदर नाही, रुमाल नाही, तोंडाची वाफ तर नाहीच.

एक हिवाळा आणि एक उन्हाळा असा काढला आणि पोराला देवयानी न विचारता सापडायला लागली, की मग दुर्बिणीचं बोलू. तेव्हा सहा इंची आरशाची, डॉब्सोनियन बैठकीची घ्या. लाकडी खोक्यात फिरणारी, मोटार नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. नळीचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) १,२०० मिलिमीटर असेल तर २५ मिलिमीटरच्या आयपीसने, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाने, ४८ पट, १० च्याने १२० पट. शनीची कडी ४८ पटीतच सुटी दिसतात. दीडशे मिलिमीटरच्या आरशातून उत्तम हवेतही तीनशे पटीच्या वर चित्र नुसतं पसरट होतं, त्यामुळे ज्या छोट्या दुर्बिणीच्या खोक्यावर '६७५ पट' असं ठळक छापलंय, तो खोका काउंटरवरच ठेवून या. विकणारी मी असले तरी.