मल्टिस्केल मॉडेलिंग: पहिला ठोकळा नीट बसवा

मल्टिस्केल मॉडेलिंग म्हणजे एकाच मटेरियलचं वागणं लहान-मोठ्या पातळ्यांवर काढून त्या पातळ्या एकमेकींना जोडणं. नव्याने या विषयात येणारे अणूंपासून आख्ख्या कार्बन फायबर पॅनेलपर्यंतची साखळी एका दमात जोडायला जातात. मग उत्तर चुकलं की चूक कुठल्या पातळीवरची, हेच कळत नाही. सुरुवातीला दोनच पातळ्या घ्या: कार्बन फायबर आणि इपॉक्सीचा मायक्रोमीटरमधला ठोकळा, म्हणजे आरव्हीई (मटेरियलचा प्रातिनिधिक तुकडा), आणि त्यावरून निघणारी प्लायची, म्हणजे एका थराची, स्टिफनेस (ताठरपणा).

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हिशेब वहीवर करा. समजा फायबरची स्टिफनेस २३० गिगापास्कल, इपॉक्सीची ३.४, फायबरचं प्रमाण ६० टक्के. फायबरच्या दिशेने ०.६ × २३० + ०.४ × ३.४, म्हणजे सुमारे १३९. मॉडेलचं उत्तर याला अगदी लागून यायला हवं. आडव्या दिशेला फायबर १५ च्या आसपासच असतो. तिथे रॉइसची खालची मर्यादा (दोन्ही मटेरियलवर स्ट्रेस सारखाच धरून निघणारी) ६.३ येते. फायबर-इपॉक्सीचा जोड पक्का धरूनही उत्तर त्याखाली गेलं, तर मॉडेल चुकलंय.

सगळ्यात जास्त वेळ खातात त्या पिरिऑडिक बाउंड्री कंडिशन्स, म्हणजे हाच ठोकळा सगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा जोडलाय असं धरणारी बंधनं. समोरासमोरच्या फेसवरचे नोड (जाळीचे बिंदू) जोडीजोडीने बांधायचे, म्हणून दोन्हीकडची मेश, म्हणजे जाळी, हुबेहूब सारखी लागते. कोपऱ्यातला नोड एकाच वेळी तीन फेसवर असतो. तिन्हींच्या समीकरणांत तो आला की बंधनं दुबार होतात आणि सॉल्व्हर अडतो. फेस, कडा आणि कोपरे यांचे सेट वेगळे करा. मग फायबर आणि इपॉक्सीला एकच आयसोट्रॉपिक (सगळ्या दिशांना सारखं) मटेरियल देऊन ठोकळा १ टक्का ताणा. स्ट्रेसचा रंग सगळीकडे एकच दिसला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात जरी ठिपका उमटला, तरी तिथलं समीकरण चुकलंय. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, ती कधीही टाळू नका. त्यानंतरच सहा लोड केस (तीन ताणाचे, तीन शिअरचे) चालवा आणि स्टिफनेसचा ६×६ मॅट्रिक्स सिमेट्रिक येतोय का, ते पाहा.

युनिट्सकडे लक्ष हवं. अबॅकस हे सॉफ्टवेअर युनिट ओळखत नाही. १०० जूल प्रति चौरस मीटर ही फ्रॅक्चर एनर्जी (तडा पसरायला लागणारी ऊर्जा) मिलिमीटर-न्यूटनमध्ये ०.१ असते, मायक्रोमीटर-मायक्रोन्यूटनमध्ये १००. स्ट्रेस मात्र दोन्हीकडे मेगापास्कलच राहतो, म्हणून ही चूक लपून बसते.

डॅमेज आलं की खेळ बदलतो. सॉफ्टनिंग (ताणत गेलं तरी स्ट्रेस उतरत जाणं) सुरू झाल्यावर स्ट्रेन एकाच पट्ट्यात साचतो आणि ठोकळा प्रातिनिधिक राहत नाही; त्याचा आकार बदलला की सरासरी वक्रही बदलतो. प्लायच्या पातळीवर फ्रॅक्चर एनर्जी मेशच्या एलिमेंटच्या लांबीशी जोडावी लागते, आणि ती लांबी २EG/σ² च्या आत हवी. E (स्टिफनेस) ९००० मेगापास्कल, G (फ्रॅक्चर एनर्जी) ०.२५ न्यूटन प्रति मिलिमीटर, σ (स्ट्रेंग्थ) ६० मेगापास्कल धरले तर मर्यादा १.२५ मिलिमीटर येते. ३ मिलिमीटरची मेश इथे चालणारच नाही.

अणूंच्या पातळीवर शेवटी जा. मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये, म्हणजे अणूंच्या हालचालीच्या गणनेत, टाइमस्टेप साधारण १ फेमटोसेकंदाची, म्हणून स्ट्रेन रेट सेकंदाला १०⁸ किंवा त्याहून वर ठेवावा लागतो. प्रयोगशाळेतला सावकाश टेन्साइल टेस्ट १०⁻³ च्या आसपास चालतो. म्हणून मॉलिक्युलर डायनॅमिक्समधून येणारी यील्ड स्ट्रेस (जिथे मटेरियल कायमचं वाकू लागतं तो स्ट्रेस) फुगलेली असते. फायबर आणि इपॉक्सीच्या सांध्यात काय बदललं की पकड वाढते, हा कल तिथून घ्या. इपॉक्सीच्या मॉडेलमध्ये आकडा मात्र प्रयोगाचाच टाका.