लोगन प्लेसची भिंत: फ्रेडी मर्क्युरीचं घर पाहायला जाताना

लंडनला जाणाऱ्या गोवेकरांपैकी कितीतरी जण स्विंडन, साउथॉल नाहीतर हाउन्सलोला नातेवाइकांकडे उतरतात. त्यातला एक दिवस क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या घरासाठी काढायचा असेल, तर एक गोष्ट घरून निघतानाच पक्की करून घ्या. गार्डन लॉज हे त्याचं घर संग्रहालय नाही. तिकीट नाही, मार्गदर्शक नाही, आत प्रवेश नाही. दिसते ती विटांची उंच भिंत, तिच्यातलं दार, वर झाडांचे शेंडे आणि छपराचा थोडा भाग. ज्यांना हे ठाऊक नसतं, ते दोन मिनिटांत हिरमुसून परत फिरतात. ज्यांना या भिंतीमागे नोव्हेंबर १९९१मध्ये काय घडलं हे माहीत असतं, त्यांना तिथून पाय काढवत नाही.

पत्ता: १, लोगन प्लेस, केन्सिंग्टन. जवळचं ट्यूब स्टेशन अर्ल्स कोर्ट. हाउन्सलोहून किंवा हीथ्रोहून पिकॅडिली लाइनची गाडी थेट तिथं येते. स्विंडनहून रेल्वेनं किंवा साउथॉलहून एलिझाबेथ लाइननं पॅडिंग्टनला उतरा आणि विम्बल्डनकडे जाणारी डिस्ट्रिक्ट लाइन पकडा, तीही गाडी न बदलता अर्ल्स कोर्टला पोचवते. भाड्यासाठी संपर्करहित बँक कार्ड चालतं, पण माणशी एक कार्ड लागतं. नवरा-बायकोनं एकच कार्ड दोनदा टेकवलं की हिशेब बिघडतो आणि दंडाची वेळ येऊ शकते. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर ट्यूब फुकट आहे.

अर्ल्स कोर्टला बाहेर पडायचे दोन रस्ते आहेत, आणि चूक नेमकी इथंच होते. वॉरिक रोडच्या दारानं बाहेर आलात तर भलतीकडेच निघता. ‘अर्ल्स कोर्ट रोड’ अशी पाटी बघून बाहेर या, डावीकडे वळा आणि सरळ उत्तरेला चालत राहा. वाटेत क्रॉमवेल रोड आडवा येतो. तो मोठा, सतत वाहता रस्ता आहे, सिग्नलवरच ओलांडा. पलीकडे थोडं पुढं गेल्यावर डाव्या हाताला लोगन प्लेस लागतं. स्टेशनपासून रमतगमत दहा मिनिटं पुरतात. गल्ली अरुंद आणि शांत आहे, आजूबाजूला माणसं राहतात. गाडी घेऊन जाऊ नका, थांबवायला जागा मिळत नाही.

तारीख कुठली निवडायची? चाहते दोनदा जमतात: ५ सप्टेंबरला त्याच्या वाढदिवशी आणि २४ नोव्हेंबरला त्याच्या स्मृतिदिनी. गर्दीत उभं राहून गाण्याची हौस असेल तर यातली एक. शांतपणे बघायचं असेल तर हे दोन्ही दिवस टाळून मधल्या वारी सकाळी जावं, आमचं मत तरी याच बाजूनं. नोव्हेंबरात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथं दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. जेवून निवांत निघालात तर पोचेपर्यंत अंधार. हवा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली, वर भुरभुर पाऊस. पणजीच्या डिसेंबरातलं जॅकेट तिथं पुरणार नाही.

आता भिंतीमागचं. हे घर १९०८च्या सुमारास सेसिल रे हा चित्रकार आणि त्याची शिल्पकार पत्नी कॉन्स्टन्स हाफर्ड यांच्यासाठी बांधलं गेलं. फ्रेडीनं ते १९८०मध्ये घेतलं, बरीच वर्षं आतून सजवलं, बागेला जपानी वळण दिलं आणि तळ्यात कोई मासे सोडले. १९८७मध्ये त्याला एड्सचं निदान झालं. तेव्हा हातात जवळजवळ एझेडटी हे एकच औषध होतं. विषाणूला खरोखर आवर घालणारी तीन औषधांची जोड १९९६च्या आसपास रुळली, म्हणजे त्याच्यासाठी पाच वर्षं उशिरा. तरी तो गात राहिला. ३० मे १९९१ला त्यानं क्वीनबरोबर ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ज’ हा शेवटचा व्हिडिओ चित्रित केला. तो कृष्णधवल ठेवला, कारण रंगांत त्याची खालावलेली प्रकृती लपत नव्हती. कॅमेऱ्याकडे बघताना तो किती सरळ, ताठ उभा आहे ते जाण्याआधी एकदा नीट पाहा.

नोव्हेंबरात तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोहून घरी परतला आणि त्यानं वेदनाशामकं सोडून बाकीची औषधं थांबवली. दाराबाहेर वार्ताहरांचा वेढा होता. २२ तारखेला त्यानं व्यवस्थापक जिम बीच यांना घरी बोलावून निवेदन तयार केलं. ते २३ला प्रसिद्ध झालं: आपल्याला एड्स आहे, जवळच्या माणसांचं खासगीपण जपण्यासाठी आजवर बोललो नाही. २४ला संध्याकाळी सातच्या सुमारास, पंचेचाळिसाव्या वर्षी, न्यूमोनियानं तो गेला. भारतात तेव्हा घड्याळात २५ तारीख लागली होती, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या नोंदींत तारखेचा घोळ दिसू शकतो.

त्यानं इतकं का लपवलं, हे गोव्याच्या माणसाला वेगळं समजावायला नको. १९८९मध्ये डॉमिनिक डिसोझा या नियमित रक्तदात्याला एचआयव्ही असल्याचं कळताच म्हापशात पोलिसांनी उचललं आणि जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवलं. गुन्हा काहीच नव्हता. कायदा त्याच्यासारख्यांना अलग ठेवायची मुभा देत होता, आणि तो या कायद्याविरुद्ध कोर्टात लढला. मे १९९२मध्ये, फ्रेडीनंतर सहा महिन्यांनी, तोही गेला. लोगन प्लेसला उभे राहाल तेव्हा म्हापसा आठवा. ती भिंत इतकी उंच का होती, हे मग कळतं.

म्हणूनच भिंतीशी कसं वागायचं हे महत्त्वाचं. इंटरनेटवरच्या फोटोंत ती निरोपांनी भरलेली दिसते. ते आता तिथं नाही. निरोपांवर बसवलेली पारदर्शक आवरणं २०१७मध्ये काढून भिंत स्वच्छ करण्यात आली. चाहत्यांच्या अक्षरांनी भरलेलं बागेचं हिरवं दार सप्टेंबर २०२३च्या लिलावात ४,१२,७५० पौंडांना विकलं गेलं. घर त्यानं मेरी ऑस्टिन या जवळच्या मैत्रिणीच्या नावे केलं होतं. २०२४मध्ये ते तीन कोटी पौंडांहून जास्त किमतीला विक्रीला निघालं. तेव्हा लिहू नका, चिकटपट्टी लावू नका, भिंतीवर चढून फोन वर धरू नका, घंटी वाजवू नका. फुलं ठेवायचीच तर प्लास्टिकचं वेष्टन काढून, दारात न येतील अशी भिंतीच्या कडेला ठेवा. फोटो समोरच्या पदपथावरून काढा, पूर्ण भिंत आणि झाडं तिथूनच चौकटीत बसतात. फुलांचे पैसे त्याच्या नावानं चालणाऱ्या मर्क्युरी फीनिक्स ट्रस्टला दिले तर ते एड्सविरुद्धच्या कामाला लागतात. हे फुलांपेक्षा बरं.

समाधी शोधत फिरू नका. २७ नोव्हेंबरला केन्सल ग्रीनच्या वेस्ट लंडन स्मशानगृहात झरथुष्ट्री धर्मगुरूंच्या प्रार्थनांसह त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले. अस्थी मेरीनं गुप्त जागी ठेवल्या. २०१३मध्ये तिथल्या दफनभूमीत फारोख बल्सारा या त्याच्या मूळ नावाची एक पाटी दिसली होती, तीही लगेच काढली गेली. तिथं नतमस्तक व्हायला जरूर जा, पण थडग्याच्या शोधात दुपार घालवू नका.

वाचायला खरी पाटी हवी तर फेल्टमला जा: २२, ग्लॅडस्टन अॅव्हेन्यू. झांझिबारमधल्या १९६४च्या क्रांतीनंतर बल्सारा कुटुंब इथं आलं. १ सप्टेंबर २०१६ला इंग्लिश हेरिटेजनं लावलेली निळी पाटी पदपथावरून स्वच्छ वाचता येते. वॉटर्लू स्टेशनवरून रेल्वेनं अर्धा तास. हेही कुणाचं तरी राहतं घर आहे.

माँत्रोमधला फ्रेडीचा पुतळा आणि क्वीनचा स्टुडिओ जोडायचा असेल तर व्हिसाकडे लक्ष द्या. ब्रिटनचा व्हिसा स्वित्झर्लंडला चालत नाही, भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. ब्रिटनच्या व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला सहसा तीन आठवडे लागतात. दोन्ही एकापाठोपाठ काढायचे, म्हणून सुरुवात लवकर करा. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना स्वित्झर्लंडला काही लागत नाही, मात्र ब्रिटनसाठी ईटीए ही ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. ती न घेतल्यास विमानात चढू देत नाहीत. जिनिव्हाहून माँत्रो रेल्वेनं तासाभराहून थोडं जास्त. इरेना सेडलेत्स्का यांनी घडवलेला पुतळा बाजारचौकात, तळ्याकडे तोंड करून उभा आहे.

लंडन जमत नसेल तर पाचगणी आहेच. आठव्या वर्षी झांझिबारहून आलेला फारोख तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, फ्रेडी हे नाव तिथंच पडलं आणि द हेक्टिक्स हा पहिला बँडही तिथलाच. गोव्याहून गाडीनं जायचं तर चोर्ला, बेळगाव, कोल्हापूर, सातारा, सुरूर फाटा, वाई आणि पसरणी घाट, पूर्ण दिवस धरा. पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या बसनं साताऱ्याला उतरून एसटी घेता येते. पण साताऱ्याहून महाबळेश्वरला जाणाऱ्या काही गाड्या मेढ्यावरून जातात आणि त्या वाटेत पाचगणी लागतच नाही, म्हणून चढण्याआधी वाहकाला विचारा. शाळा निवासी आणि चालू आहे, तेव्हा आधी पत्र पाठवून परवानगी मिळाली तरच आत जायला मिळेल.