उन्हाळ्यात डिझायनर कपडे घ्यायचेत? आधी कपडा उलटा करून बघा

दर जूनमध्ये मिलान आणि पॅरिसला पुरुषांचे मोठे फॅशन शो होतात आणि लगेच फोनवर फोटोंचा पूर येतो, पण ते कपडे असतात पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याचे, म्हणजे आज रॅम्पवर जे दिसतंय ते दुकानात यायला अजून अर्ध वर्ष तरी जाणार असतं. त्यामुळे घाई करायचं काही कारणच नाही. दोन-तीन सीझन सलग जे टिकून दिसतंय तेवढंच घ्यायचं, आणि सध्या टिकलेल्या गोष्टी सांगायच्या तर सैल पॅन्ट, खुल्या कॉलरचे शर्ट, विणलेले पोलो, बिनअस्तराची जॅकेट्स आणि मऊ लोफर. यातलं एकही अंगाला घट्ट नाही, आणि उन्हाळ्यासाठी यापेक्षा चांगली बातमी काय असणार.

फोटोत कपडा बाहेरून दिसतो, घाम मात्र आतल्या बाजूला येतो. म्हणून काहीही महागडं घेताना पहिलं काम म्हणजे कपडा उलटा करायचा. बाजूच्या शिवणीला एक बारीक लेबल असतं, त्यावर धाग्यांचे टक्के लिहिलेले असतात, ते नीट वाचा. बाहेर टॅगवर मोठ्या अक्षरात लिनन आणि आतल्या लेबलवर अर्ध्याहून जास्त पॉलिएस्टर असंही निघतं, आणि ब्रँडचं नाव कितीही मोठं असलं तरी साधं पॉलिएस्टर घाम शोषत नाही म्हणजे नाही. याला एक मस्त अपवाद आहे तो म्हणजे जपानी डिझायनर इसे मियाकेची २०१३ साली आलेली ओम प्लिसे लाइन. तिथे कपडा मूळ मापापेक्षा बराच मोठा शिवतात, मग कागदात घालून उष्णतेने दाबून त्याला कायमच्या बारीक चुण्या पाडतात. कापड पॉलिएस्टरच, पण चुण्यांमुळे ते अंगाला चिकटत नाही, धुतलं की पटकन वाळतं आणि इस्त्रीचा प्रश्नच येत नाही. प्रवास जास्त असेल तर विचार करण्यासारखी गोष्ट आहे ही.

बाकी वेळी लिननच राजा. जवसाच्या देठातून निघणाऱ्या धाग्याचं हे कापड, घाम भरपूर पितं आणि लवकर वाळतं. घेताना जीएसएम विचारा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. शर्टाला साधारण १२० ते १६० बरं, पॅन्टला २०० च्या वर हवं, नाहीतर बसून उठलात की गुडघ्याला झोळ पडलाच म्हणून समजा. वजन लिहिलेलं नसेल तर कापडामागे हात धरून उजेडाकडे बघा, बोटं एकेक करून मोजता आली तर ते शर्टापुरतं ठीक, त्याची पॅन्ट नको. आणि हो, लिनन चुरगळणारच, त्या धाग्याला लवचिकपणा कमी असतो म्हणून. त्यावर नाक मुरडत असाल तर कॉटन-लिनन मिक्स घ्या, पण मला विचाराल तर कडक इस्त्री केलेलं लिनन उगाच अवघडल्यासारखं दिसतं, थोडं चुरगळलेलंच छान.

इस्त्रीचा अगदीच कंटाळा असेल तर सीअरसकर नावाचं कापड बघा. हातात घेऊन जवळून पाहिलंत तर एक पट्टा सपाट आणि शेजारचा पट्टा फुगलेला, सुरकुतलेला दिसतो. विणताना ताण्याचे, म्हणजे उभे, काही धागे घट्ट आणि काही सैल सोडलेले असतात, त्यातून हे होतं. तो फुगलेला भाग कापडाला अंगापासून जरासं वर उचलून धरतो आणि मधून हवा फिरते. सुरकुत्या विणीतच असल्यामुळे नवीन पडलेल्या कळतही नाहीत 😄

आता जॅकेट. उन्हाळ्यात जॅकेट म्हटलं की लोक हात जोडतात, पण उकडतं ते बहुतेक वेळा कापडामुळे कमी आणि आतल्या मालमसाल्यामुळे जास्त. अस्तर, कॅनव्हास, खांद्याचे पॅड, एवढं सगळं आत कोंबलेलं असतं. इटालियन डिझायनर जॉर्जिओ अरमानीने १९७५ ला स्वतःचं लेबल काढलं आणि त्या दशकात हेच आतलं सामान काढून टाकून जॅकेट शर्टासारखं सैल करून टाकलं, आज जी मऊ खांद्याची जॅकेट्स सगळीकडे दिसतात त्यांच्यामागे त्या कामाचा मोठा वाटा आहे. घेताना आत हात घालून बघा. पाठीला अस्तर नको, फक्त खांद्याजवळ आणि बाह्यांत असलं तरी पुरे, आणि बाह्यांतलं अस्तर क्युप्रोचं असेल तर सोन्याहून पिवळं, ते सरकीला चिकटलेल्या बारीक कापूसतंतूंपासून बनतं आणि पॉलिएस्टरच्या अस्तरापेक्षा घाम कितीतरी चांगला झेलतं. अस्तर नसलेल्या जॅकेटचा अजून एक फायदा आहे, आतल्या शिवणी उघड्या दिसतात, त्या कडांना पट्टी लावून नीट बांधल्यात का सुटे धागे लोंबतायत यावरून काम कसं झालंय ते लगेच कळतं. कापडात हाय-ट्विस्ट वूल दिसलं तर पळून जाऊ नका. वूल म्हणजे स्वेटर नव्हे, जास्त पीळ दिलेल्या धाग्याचं मोकळ्या विणीचं वूल उन्हाळ्यात छान हवा खेळू देतं आणि संध्याकाळपर्यंत चुरगळत नाही, ऑफिसला रोज जॅकेट लागत असेल तर लिननपेक्षा हेच बरं.

खुल्या कॉलरचा शर्ट, ज्याला क्यूबन किंवा कॅम्प कॉलर म्हणतात, त्याच्या कॉलरखाली उभी पट्टीच नसते म्हणून ती सपाट पडते आणि मान मोकळी राहते. यात प्रिंट हवं तेवढं मोठं चालतं, फक्त एक बघा, बटणं लावल्यावर डाव्या-उजव्या भागाचं डिझाइन बटणपट्टीवर जुळतंय का, आणि खिसा असेल तर तो त्या डिझाइनमध्ये गायब होतोय का. पान अर्धं तुटून दुसऱ्या बाजूला फूल सुरू होत असेल तर तुम्ही फक्त लेबलचे पैसे देताय. बटण गालाला लावून बघा, शिंपल्याचं असेल तर गार लागतं, प्लास्टिक तेवढं गार लागत नाही. (दुकानदार विचित्र बघेल, बघू दे.) शर्ट व्हिस्कोसचा असेल तर झुळझुळीत पडतो खरा पण पहिल्या धुण्यात आटू शकतो, म्हणून अगदी मापात घेऊ नका.

कॉलर लागतेच अशा ठिकाणी पोलो. टेनिसवाल्या रेने लाकोस्तने १९३३ मध्ये जाळीदार विणीचा पोलो विकायला काढला तो खेळाडूंना लांब बाह्यांच्या शर्टातून सोडवायला, आणि ते लॉजिक आजही तेवढंच खरं आहे. सध्या स्वेटरसारख्या विणीचे पोलो चालतात, ते कॉटनचे घ्या, अंगाला चिकटेल एवढं माप नको.

पॅन्टचं एका वाक्यात सांगायचं तर कंबर वर, मांडी सैल. पुढे एक किंवा दोन प्लीट (शिवलेल्या चुण्या) असलेली, बेंबीच्या आसपास येणारी पॅन्ट चालताना आत हवा घेते, आणि पाय लांब दिसतात ते वेगळंच. उंची कमी असेल तर बॉटम फार रुंद ठेवू नका आणि लांबी बुटाला जेमतेम टेकेल इतकीच ठेवा, खाली कापडाचा ढीग नको. शॉर्ट्स गुडघ्याच्या वर संपायला हव्यात, गुडघा झाकणाऱ्या कार्गो शॉर्ट्स रॅम्पवर परत आल्यात पण त्या रॅम्पवरच राहू देत असं माझं मत.

पायात अस्तर नसलेले स्वेडचे, म्हणजे मखमलीसारख्या मऊ चामड्याचे लोफर. गुच्चीचा घोड्याच्या लगामासारखी कडी असलेला लोफर १९५३ पासून चालतोय, म्हणजे यात ट्रेंड जाण्याची भीती नाही. आत न दिसणारे सॉक्स घालाच, घामाने चामडं लवकर खराब होतं. आणि गॉगल घेताना फ्रेमच्या आधी यूव्ही ४०० (म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच) आहे का ते बघा, काचा नुसत्याच काळ्या असतील तर डोळ्याची बाहुली मोठी होते आणि नुकसान उलट वाढतं.

रंगांत ऑफ-व्हाइट, वाळूसारखा, तंबाखूसारखा तपकिरी, ऑलिव्ह, फिकट लोण्यासारखा पिवळा. करडा टाळा, भिजला की गडद होतो, काखेतला घाम लांबून दिसतो. घाम लपवायला नेव्ही आणि पांढरा सगळ्यात सोयीचे. पांढऱ्या लिननखाली पांढरं बनियन उठून दिसतं, त्वचेच्या रंगाच्या जवळचं घाला.

धुताना लिनन थंड पाण्यात, सावलीत वाळवायचं, आणि जरा दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री, नाहीतर गडद रंगावर चकाकी येते. काखेत पिवळे डाग पडत असतील तर ते बऱ्याचदा घाम आणि अँटीपर्स्पिरंटमधले (घाम रोखणाऱ्या डिओमधले) ॲल्युमिनियमचे क्षार एकत्र आल्यामुळे असतात, त्यामुळे लावल्यावर पूर्ण सुकू द्या आणि मगच शर्ट घाला. सीझन संपला की एकदाच घातलेला कपडासुद्धा धुवूनच कपाटात ठेवा, न धुतलेला घाम सुरुवातीला दिसत नाही, काही महिन्यांनी पिवळा होऊन वर येतो आणि मग तो काढणं जाम अवघड जातं.