लसीकरणाची पात्रता वाढवताना: पुढचा गट कधी, किती आणि कसा उघडायचा

महासाथीत लस सगळ्यांना एकदम पुरत नाही. आरोग्य कर्मचारी झाले, सर्वात वयस्कर लोक निम्म्याच्या वर झाले, की 'आता पुढच्यांना उघडा' असा दबाव सुरू होतो. उघडावं लागतंच, पण त्याआधी हातात खरोखर किती डोस मोकळे आहेत ते कागदावर मांडावं.

समजा आठवड्याला १२,००० डोस येतात. ५ टक्के वाया जाणार धरले तर उरले ११,४००. त्यातून दुसऱ्या डोसची मुदत आलेल्यांचे ४,२०० आणि सध्याच्या गटाने घेतलेल्या वेळांचे ५,४०० वजा केले, की नव्या लोकांसाठी राहतात १,८००. आता ३०,००० लोकांचा गट एका झटक्यात उघडला तर एका जागेमागे सोळा-सतरा जण रांगेत. नोंदणीची वेबसाइट बसते, केंद्रावर भांडणं होतात आणि शिव्या खातात परिचारिका. म्हणून गटाचा असा तुकडा उघडा जो साधारण चार आठवड्यांत संपेल. इथे तो सात हजारांच्या आसपास येतो.

टोचणारे हातही मोजा. एका परिचारिकेकडून सहा तासांच्या सत्रात शंभरेक डोस नीट होतात. आठवड्याचे सहा दिवस काम धरलं तर ११,४०० डोसना रोज एकोणीस परिचारिका लागतात. डोस आहेत आणि हात नाहीत, अशा वेळी पात्रता वाढवून फक्त रांग वाढते.

दुसऱ्या डोसचा हिशेब सर्वात जास्त चुकतो. या आठवड्यात दिलेला प्रत्येक पहिला डोस ही पुढची उधारी असते. दोन डोसांत १२ आठवड्यांचं अंतर असेल तर या आठवड्यात दिलेले ७,२०० पहिले डोस (सध्याच्या गटाचे ५,४०० आणि नव्यांचे १,८००) बाराव्या आठवड्यात ७,२०० दुसरे डोस मागतील, आणि त्या आठवड्याच्या पुरवठ्यातून नव्यांसाठी जेमतेम ४,२०० उरतील. पुढच्या चौदा-पंधरा आठवड्यांचा तक्ता करून मगच तारीख जाहीर करा. पुरवठा डळमळीत असेल तर तारखेऐवजी 'अमुक गट पुढचा' एवढंच सांगणं बरं.

तुकडे पाडायला वयासारखं सोपं काही नाही. कोविडमध्ये मृत्यूचा धोका वयाबरोबर सर्वात ठळकपणे वाढत होता, म्हणून ब्रिटनने डिसेंबर २०२० मध्ये प्राधान्यक्रम मुख्यतः वयावर बेतला. वय कुठल्याही ओळखपत्रावर सापडतं. जन्मतारखेऐवजी जन्मवर्षाची अट घाला. 'दोन महिने कमी पडतात' हा दारावरचा वाद मिटतो. पण आजार वेगळा असेल तर क्रमही वेगळा लागेल: काही साथींत लहान मुलं किंवा गरोदर स्त्रिया आधी येतात.

सहव्याधींचा गट किचकट. यादी छोटी आणि नेमकी हवी: डायलिसिसवर असलेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, इन्सुलिन घेणारे. 'गंभीर आजार' असं मोघम लिहिलं की प्रत्येक केंद्र आपापला अर्थ लावतं. पुरावा म्हणून डॉक्टरांचं खास प्रमाणपत्रच मागितलं, तर ज्यांना डॉक्टरकडे जाणं परवडत नाही तेच गळतात. औषधाची चिठ्ठी किंवा डिस्चार्ज कार्ड पुरे. थोडे लबाड आत शिरतील. आमच्या मते ती किंमत चालेल. शिवाय इन्सुलिन घेणारे पासष्टीचे गृहस्थ वयाच्या आणि आजाराच्या अशा दोन्ही याद्यांत असतात. एकदा वजा करा, नाहीतर गट आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

आधीचा गट शंभर टक्के होण्याची वाट पाहू नका, तो कधीच होत नाही. पुढच्या तीन दिवसांच्या वेळांपैकी एक तृतीयांश रिकाम्या दिसू लागल्या, की पुढचा तुकडा उघडा. मात्र जुना गट बंद करायचा नाही. मोबाईलवर तरबेज असलेले तरुण मिनिटात जागा भरतात, म्हणून रोजच्या काही जागा वयस्करांसाठी नोंदणीविना राखून ठेवा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी फिरतं पथक लागेल. आकडे वस्तीनिहाय पाहा: सरासरी ७० टक्के असताना एखादी वस्ती तीस टक्क्यांवरच अडकलेली असते आणि तिला नव्या गटापेक्षा जवळच्या केंद्राची गरज असते.

दिवसाच्या शेवटी कुपीचा प्रश्न येतो. दहा डोसांची कुपी उघडली की ती काही तासांतच संपवावी लागते. नेमकी मुदत लसीच्या माहितीपत्रकात पाहा आणि उघडल्याची वेळ कुपीवर लिहा. साडेचारला तीनच माणसं आली तर सात डोस टांगणीला लागतात. त्यासाठी वीस मिनिटांत पोचू शकणाऱ्यांची राखीव यादी सकाळीच तयार हवी: आधी दुसऱ्या डोसची मुदत आलेले, मग चालू गटातले, मग पुढच्या गटातले. यादी नसली की फोन ओळखीच्यांना जातात, आणि दुसऱ्या दिवशी गावभर तीच चर्चा असते. यादीही संपली तर जो समोर असेल त्याला द्या, नोंद करा. ओतून टाकू नका. मात्र शेवटच्या एकट्या आजीबाईंना 'कुपी वाया जाईल' म्हणून परत पाठवू नका. त्या पुन्हा येतीलच असं नाही.