वर्डच्या टेबलात मिनिट टू मिनिट कार्यक्रम

कुडाळ-मालवणकडे वाडीतल्या कार्यक्रमांचं नियोजन हातात घेणाऱ्या नव्या पोरांनी वेळा हाताने टाइप करू नयेत, वर्डच्या टेबलालाच काढू द्याव्यात. गाऱ्हाणं (देवाला सुरुवातीला घालतात ते साकडं) लांबलं की सत्कार, मुलांचे नाच, डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) सगळंच पुढे सरकतं. कमिटी ऐनवेळी एखादा पाहुणा वाढवते ती वेगळीच. आणि खास परवानगी नसेल तर २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहाला लाउडस्पीकर बंद.

वर्डला ६:३० ही वेळ आहे हे कळत नाही, म्हणून हिशोब मिनिटांत ठेवायचा. मध्यरात्रीपासून मोजलं तर संध्याकाळचे साडेसहा म्हणजे १११०. चार कॉलम करा: कार्यक्रम, लागणारी मिनिटं, सुरुवात मिनिटांत, छापायची वेळ. पहिली ओळ मथळ्यांची. सी२ मध्ये, म्हणजे तिसऱ्या कॉलमच्या दुसऱ्या ओळीत, १११० लिहा. सी३ मध्ये कंट्रोल-एफ९ दाबा आणि उमटलेल्या महिरपी कंसांत =सी२+बी२ लिहा (अक्षरं-आकडे अर्थातच इंग्रजीत). सी४ मध्ये तसंच =सी३+बी३, आणि असंच खाली. कंस कीबोर्डवरून टाइप केलेत तर ते नुसते कंसच राहतात.

डी कॉलममध्ये दोन फील्ड (तसेच कंट्रोल-एफ९ चे कंस), मधे कोलन; पहिलं तासांचं, दुसरं उरलेल्या मिनिटांचं. चौथ्या ओळीत पहिलं =इंट(सी४/६०)-१२, दुसरं =मॉड(सी४,६०) \# "००". गाऱ्हाणं १५ मिनिटं, सत्कार २० मिनिटं धरलेत तर सी४ मध्ये ११४५ येतं आणि छापलं जातं ७:०५. ते शेवटचं "००" विसरलात तर ७:५ दिसेल. सत्काराला कमिटी पाच मिनिटं सांगते; तुम्ही वीसच लिहा.

मिनिटं बदललीत की कंट्रोल-ए, मग एफ९. आपोआप काही बदलत नाही. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. फॉर्म्युले बघायचे तर ऑल्ट-एफ९.

खरी गोची मधे ओळ घुसवताना होते. एक्सेल फॉर्म्युल्यातले पत्ते स्वतः बदलतं, वर्ड नाही. सी३ हे सी३च राहतं आणि खालच्या सगळ्या वेळा बिघडतात. म्हणून दर तीन-चार कार्यक्रमांनंतर शून्य मिनिटांची एक राखीव ओळ फॉर्म्युल्यासकट आधीच ठेवा. पाहुणा वाढला की तिथे नाव आणि मिनिटं भरायची. क्रम बदलायचा तर ओळ उचलू नका, पहिल्या दोन कॉलमांतला मजकूर बदला.

एकूण मिनिटांना =सम(अबव्ह) पुरतं, फक्त त्या कॉलमच्या मथळ्यात साल लिहू नका, तेही बेरजेत येतं.

कार्यक्रम संपण्याचा आकडा १३२० च्या, म्हणजे रात्री दहाच्या, पुढे गेला की भाषणं कापा. डबलबारीला हात लावू नका, लोक त्यासाठीच बसलेले असतात.